वाडीतील तळे व तळ्याकाठची घरे

गिरगावातील ज्या वाडीत आमच्या घराण्याच्या चार पिढ्या नांदल्या, तिच्या मागील अंगास एक फरसबंद मोकळी जागा आहे. लग्नकार्यात तेथे मांडव पडे, गणेशोत्सवात मेळे व नाटके होत. अलीकडे बहुधा मोटारी उभ्या असतात. ही जागा म्हणजे पूर्वीचे तळे होय, हे आजच्या तरुण मंडळींपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. वार्षिक अंकासाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या कथांऐवजी या तळ्याचीच हकीकत द्यावी असे आम्हांस वाटले. त्यास निमित्तही तसेच घडले आहे. ते ओघाने येईल.

मुंबई हे आज नळाचे शहर आहे. पण एके काळी ते तळ्यांचे व विहिरींचे शहर होते. धोबीतलाव, गोवालिया टँक, कावसजी पटेल टँक ही नावे आपण रोज उच्चारतो आणि त्यांत पाणी कोठे आहे हे विचारीतही नाही. गोवालिया टँकवर गवळी आपली गुरे पाण्यास आणीत. त्याच परिसरातील गोकुळदास तेजपाल पाठशाळेत १८८५ साली राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, आणि त्या तळ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्टात ‘चले जाव’ची घोषणा झाली. मुंबादेवीच्या मूळ तळ्याचीही तीच गत झाली. बेटावर बारमाही नदी नाही. वर्षाचे दोन-सव्वादोन हजार मिलिमीटर पाणी चार महिन्यांत कोसळते आणि भरतीच्या वेळी समुद्र ते घेत नाही. तेव्हा ते कोठे तरी थोपवून धरणे भाग होते. कोणी पुण्याच्या हेतूने, कोणी सोयीसाठी तळी खणली व बांधून काढली. पारशी, गुजराती, मराठी अशा सर्व समाजांच्या धनिकांनी यात हात सैल सोडला.

आमच्या वाडीचे तळे या थोरांच्या पंक्तीत बसणारे नव्हते. त्याला ना शिलालेख, ना दाता. चार बाजूंच्या कौलारू घरांच्या पागोळ्या व गल्लीचा ओहोळ ज्यात उतरे असे ते एक खोलगट भांडे होते. एका बाजूस दगडी पायऱ्या आणि उरलेल्या तीन बाजूंस नुसता काठ. आमची आजी सून म्हणून या घरात आली तेव्हा तळे होते. तिच्या तोंडून आम्ही जे ऐकले तेवढाच काय तो पुरावा. आषाढात पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत चढे आणि मागील पडवीच्या जोत्याला भिजवून थांबे. घरात म्हणून कधी शिरले नाही. पावसाळा सरला की ते हळूहळू खाली बसे, आणि जसजसे बसे तसतसे वाडीच्या विहिरीचे पाणी टिके. तळे आटले की विहीर खारटे, असे ती सांगे. भूगर्भशास्त्राचा एक शब्दही ठाऊक नसताना तिने मुरलेल्या पाण्याचा हिशेब नेमका मांडला होता.

हे वाचून तळ्याकाठचे जिणे म्हणजे स्वर्गसुख, असा कोणी समज करून घेऊ नये. वैशाखात शेवाळ कुजे व त्याचा दर्प स्वयंपाकघरापर्यंत येई. चालत्या मुलांच्या आयांच्या जिवाला घोर असे. मागल्या दाराला बाहेरून कडी हा त्या घरांचा पहिला नियम होता. १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ साली तुळशीचे व १८९२ साली तानशाचे आले. घरात नळ आल्यावर तळ्याची गरज उरली नाही, आणि गरज सरली की मनुष्य वस्तूची निगा सोडतो. गाळ काढणे थांबले. खरकटे, धुण्याचे पाणी, निर्माल्य सारे त्यात जाऊ लागले. आमच्या मते वाडीतील तळ्यांचा खरा अंत येथेच झाला. बुजविणे हे नंतरचे और्ध्वदेहिक.

१८९६ च्या प्लेगाने शहराची झोप उडविली. त्याच्या पुढल्याच वर्षी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. मुंबईतील हिवतापाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला, आणि मुख्य बोट ठेवले ते घरोघरच्या विहिरींवर व पाण्याच्या टाक्यांवर. हिवताप पसरविणारा शहरी डास घाणीत नव्हे, स्वच्छ व स्थिर पाण्यात वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. विहिरी झाकण्याच्या वा बुजविण्याच्या नोटिसा निघू लागल्या. तेव्हा हिंदू व पारशी दोन्ही समाजांत खळबळ उडाली, कारण विहिरीचे पाणी धर्मकृत्यास लागे. या वादातूनच रुस्तम मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींचा अभ्यास केला. त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला.

आमच्या घरात या सुमारास जे घडले ते लिहिताना लेखणी अडखळते. आजोबांची दोन अपत्ये एकाच पावसाळ्यात हिवतापाने गेली. थोरला मुलगा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. त्यानंतर तळे बुजवावे असा अर्ज आजोबांनी स्वहस्ते लिहिला आणि वाडीतील बहुतेक बिऱ्हाडकरूंच्या सह्या त्यावर घेतल्या. अर्जाची नक्कल आमच्या ट्रंकेत आजही आहे. दोन पावसाळ्यांनी तळ्यात भराव पडला. विहीर मात्र आजोबांनी राखली. पूजेस पाणी हवे म्हणून तिच्या झाकणास जाळीचे एक दार ठेवून घेतले. ते दार दिवसभर बहुधा उघडेच असे, असे आजी पुढे खालच्या आवाजात सांगे. तळ्यात मासे होते आणि मासे डासांच्या अळ्या खातात. विहिरीत मासा नव्हता. आजोबांनी जे बुजविले ते कदाचित निरपराध होते आणि जे राखले तेच कदाचित दोषी. आम्ही ‘कदाचित’ म्हणतो, कारण शंभर वर्षांनंतर याचा निवाडा कोण करणार? आमच्या पिढीने आजोबांस ‘तळे मारणारे’ म्हणून थट्टेत फार हिणविले. दोन मुलांस एकाच पावसाळ्यात पोहोचविलेल्या बापाला अहवालाचे बारकावे वाचावयास सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

येथे एक गोष्ट ज्ञातीच्या अंकात लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. तळ्याभोवती ज्यांची घरे, त्यांस तळे आपलेच वाटू लागते. आमच्या तळ्याच्या पायऱ्यांवर कोणी उतरावे व कोणी उतरू नये याचे नियम होते, आणि ते करणारे आपलेच वडीलधारे होते. महाडच्या चवदार तळ्याच्या काठीही सवर्णांची घरे होती. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर तेथील नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले तेव्हा त्यांच्या माणसांवर हल्ले झाले. पुढे काठच्या मंडळींनी दहा वर्षे न्यायालयात वाद चालविला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो त्यांच्याविरुद्ध संपला. पावसाने भरलेल्या पाण्यावर काठच्या घरवाल्याचा हक्क किती, याचे उत्तर त्या निकालात आहे. आमच्या वाडीत ते कोणी मोठ्याने वाचल्याचे ऐकिवात नाही.

असो. तळे गेले, पाऊस गेला नाही. इंग्रजी अमदानीतील गटारे तासाला सुमारे पंचवीस मिलिमीटर पाऊस व तोही ओहोटीच्या वेळी, अशा हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरे बुडाली, तेव्हा गिरगाव पुष्कळसे कोरडे राहिले. आपण उंचावर आहोत असे आम्ही त्या वेळी काहीशा गर्वाने म्हटलेले आठवते. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्यास सुमारे ३३० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तो गर्व उतरला. वाडीच्या मागल्या फरशीवर गुडघाभर पाणी उभे राहिले व तळमजल्याच्या तीन बिऱ्हाडांत शिरले. साथीच्या टाळेबंदीमुळे सारी मंडळी घरातच होती. सर्वांनी गॅलरीतून पाहिले, की पाणी चौकोनी फरशीवर चौकोनी पसरले नव्हते; एका बाजूस सरळ रेष व तीन बाजूंस वळण, असा त्याचा आकार होता. सरळ बाजू म्हणजे जुन्या पायऱ्यांची.

महापालिकेने याच सुमारास हिंदमाताच्या सखल भागासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली व परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली कोट्यवधी लिटरच्या टाक्या बांधावयास घेतल्या. भरतीच्या वेळी पाणी त्यांत धरावयाचे व ओहोटी लागली की सोडावयाचे, अशी ही योजना आहे. म्हणजे तळेच, फक्त मैदानाखाली दडविलेले.

आता निमित्त सांगतो. आमच्या वाडीचा पुनर्विकास ठरला आहे. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजल साठविण्याची सोय सक्तीची झाली, त्यानुसार वास्तुविशारदाने आराखड्यात एक टाके दाखविले होते. पण ते पुढल्या फाटकाशी, जेथे जमीन उंच आहे. आम्ही सभेत उठून ते मागे, जुन्या तळ्याच्या जागी व निदान चौपट मोठे असावे, अशी सूचना मांडली. त्यापायी मोटारींच्या सहा जागा कमी होतात, म्हणून चर्चा बरीच तापली. दोन सभा झाल्या, तिसरी दिवाळीनंतर आहे. मागल्या सभेत तळमजल्याच्या एका सूनबाईंनी, कडेवर मूल घेऊन, एवढेच विचारले, “काका, डासांचे काय?” आम्ही ट्रंकेतील अर्ज बरोबर नेला होता, तो काढला नाही. झाकण घट्ट बसणारे असेल, वायुमार्गास बारीक जाळी राहील, पाण्यात गप्पी मासे सोडू, आणि दर आठवड्यास झाकण तपासण्याचे काम आम्ही स्वतः अंगावर घेऊ, असे सांगितले. त्यांनी ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावले.