डॅन्यूब सायकल मार्ग (पासाउ–व्हियेना)

डॅन्यूब सायकल मार्ग हा मध्य युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा लांब पल्ल्याचा सायकल मार्ग आहे. जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हियेना हा त्याचा सुमारे ३२० किमीचा टप्पा सर्वांत परिचित आहे. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या मार्गाचाही तो भाग आहे.

उगम

या मार्गाचा बराचसा भाग मुळात सहलीसाठी नव्हे, तर मालवाहतुकीसाठी तयार झाला. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या मालाच्या नावा पूर्वी दोरखंड बांधून घोड्यांकरवी ओढल्या जात. त्यासाठी काठालगत राखलेल्या वाटेला जर्मन भाषेत 'ट्रेप्पेलवेग' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्यावर घोडे गेले, वाट मात्र राहिली. विसाव्या शतकात नदीवर जलविद्युत प्रकल्प झाले (इब्स-पेर्सेनबॉइग, १९५९, आशाख, १९६४) आणि त्यांच्या बांधांवरील सेवारस्ते या वाटेला जोडले गेले. १९८० च्या दशकापासून हा काठ सायकलस्वारांत लोकप्रिय झाला.

स्वरूप

मार्ग मध्यम श्रेणीचा मानला जातो. चढ जवळजवळ नाहीत. पासाउ ते व्हियेना नदीची पातळी दीडशे मीटरांपेक्षाही कमी उतरते. कस लागतो तो अंतराचा. रोज ४० ते ६० किमी चालवल्यास प्रवासास सहा ते आठ दिवस लागतात. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्याने बहुतेक सायकलस्वार प्रवाहाच्या दिशेनेच निघतात.

पासाउ येथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या नद्यांचा संगम होतो. पुढे श्लोगेनजवळ कठीण खडकामुळे नदी जवळजवळ उलट्या दिशेला वळते. येथे उत्तर काठावर काही अंतर वाटच नसल्याने सायकल नावेत घालून पुढे जावे लागते. लिंत्स शहरानंतर माउथाउझेन लागते. येथील ग्रॅनाइटच्या खाणींजवळ १९३८ ते १९४५ या काळात नाझी राजवटीची छळछावणी होती. आज तेथे स्मारक आहे. त्यापुढील ग्राइनचा अरुंद भाग भोवऱ्यांमुळे एके काळी नावाड्यांना भयंकर वाटे.

वाखाउ खोरे

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३५ किमीचा पट्टा म्हणजे वाखाउ खोरे. एका दिवसात सहज पार होणारा हा भाग घाईने उरकण्याजोगा मात्र नाही. सुरुवातीलाच खडकावर मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ दिसतो. त्याची स्थापना १०८९ सालची, तर आजची बरोक वास्तू अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. विलेनडोर्फ गावात १९०८ साली अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. जेमतेम ११ सेंमी उंचीची ही मूळ मूर्ती व्हियेनाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. ड्युर्नश्टाइन गावावरील पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२–९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता.

श्पित्स, वाइसेनकिर्खेन या गावांमागील उतारांवर चुना न वापरता रचलेले दगडी बांध असून त्यांवर द्राक्षमळे आहेत. सपाटीवर जर्दाळूच्या बागा आहेत. त्या वसंतात फुलतात आणि फळे जुलैच्या सुमारास पिकतात. बांधांची डागडुजी आजही बरीचशी हातानेच करावी लागते.

या खोऱ्यातही धरण बांधण्याची योजना होती. १९७० च्या दशकापासून स्थानिक रहिवाशांनी तिला विरोध केला आणि ती अखेर सोडून देण्यात आली. ऑस्ट्रियातील डॅन्यूब मुख्यतः दोनच ठिकाणी मुक्तपणे वाहते: वाखाउमध्ये आणि व्हियेनाच्या पूर्वेस. २००० साली वाखाउचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

वाहत्या पाण्याचा उपयोग सायकलस्वारांनाही होतो. मेल्कपासून थेट क्रेम्सपर्यंत नदीवर पूल नाही. श्पित्स आणि वाइसेनकिर्खेन येथील फेरीबोटी इंजिनाविना चालतात. नदीवर ताणलेल्या तारेला बोट बांधलेली असते. नावाडी ती प्रवाहाशी तिरकी धरतो आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे नेतो. हेच पाणी कधी उलटतेही. २००२, २०१३ आणि २०२४ च्या पुरांत काठच्या गावांत पाणी शिरले होते. पूर आला की मार्गाचे सखल भाग पाण्याखाली जातात आणि फेरीबोटी थांबतात. अशा वेळी सायकलस्वारांना अनेकदा रेल्वेने पुढे जावे लागते.