पृष्ठसंस्करण, इंजिनाच्या अंतर्भागांचे

इंजिनाच्या आतील भागांचा गाभा तसाच ठेवून फक्त वरच्या सालीचे गुणधर्म बदलणाऱ्या प्रक्रियांना पृष्ठसंस्करण म्हणतात. ही साल कधी एखाद-दुसऱ्या मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर कधी चार-पाच मिलिमीटर जाडीची असते. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, रिंगा, सिलिंडरचा बोअर, कॅमशाफ्ट, टॅपेट आणि झडपांच्या स्प्रिंगा या भागांवर असे संस्करण होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इंजिनात ते कोणत्या ना कोणत्या रूपात असते. इंजिन उघडल्यावर पदरचे पैसे खर्चून आणखी काही करून घ्यावे का, हा प्रश्न त्यापुढचा आहे. या नोंदीत दोन्हींचा विचार केला आहे.

गरज : इंजिनाच्या एकाच भागाकडून परस्परविरोधी गुणांची अपेक्षा असते. क्रँकशाफ्टचा गाभा चिवट हवा, नाहीतर धक्क्याने तो तुटेल. त्याचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मात्र कठीण हवे, नाहीतर ते झिजेल. पिस्टन हलका हवा म्हणून अॅल्युमिनियमचा करतात. पण अॅल्युमिनियम मऊ, आणि तेलाची फिल्म तुटताच बोअरला चिकटणारे. शिवाय धातूच्या शिणवटीचा तडा बहुधा पृष्ठभागावरच जन्म घेतो. त्यामुळे झीज, शिणवट, चिकटणे (कारागीर ज्याला ‘इंजिन सीझ होणे’ म्हणतात) आणि उष्णता या चारही शत्रूंशी पहिली गाठ पृष्ठभागाची पडते. प्रत्येक संस्करण यांपैकी एखाद-दोघांचाच बंदोबस्त करते. चौघांना पुरून उरणारे संस्करण अस्तित्वात नाही.

पृष्ठभागाचेच रूपांतर करणारी संस्करणे : यांत बाहेरून वेगळा थर चढत नाही, मूळ पोलादाचीच वरची साल बदलते. त्यामुळे ती सुटून निघण्याची भीती नसते.

नायट्रायडिंगमध्ये पोलादी भाग अमोनिया वायूत सुमारे ५०० ते ५७० °से. तापमानाला बराच काळ ठेवतात. नायट्रोजन पृष्ठभागात शिरून लोहाची व मिश्रधातूंची कठीण नायट्राइडे बनवतो. तापमान कमी असल्याने आणि नंतर पाण्यात वा तेलात बुडवून झटकन गार करावे लागत नसल्याने भाग फारसा वाकत नाही. अमेरिकेत आडॉल्फ मॅचलेट आणि जर्मनीत क्रुप कंपनीतील आडोल्फ फ्राय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या पद्धतीचा पाया घातला. दुसऱ्या एका पद्धतीत वितळलेल्या क्षारांच्या कुंडात सुमारे ५७० °से.ला नायट्रोजनबरोबर कार्बनही पृष्ठभागात शिरवतात. ही पद्धत काही तासांत उरकते; तिने मिळणारा सर्वांत वरचा कठीण थर १० ते २० मायक्रॉनचा असतो.

इंडक्शन हार्डनिंगमध्ये उच्च कंप्रतेच्या विद्युतप्रवाहाने जर्नलचा वरचा भाग क्षणात लाल करून लगेच पाण्याने विझवतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीने ही पद्धत रूढ केली. तिने मिळणारी कठीण साल साधारण २ ते ५ मिमी. खोल असते.

क्षारकुंड आणि इंडक्शन या दोन पद्धतींतील खोलीचा फरक इंजिनकाम करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. झिजलेला क्रँक ग्राइंड करून पहिल्या अंडरसाइझला आणतात, तेव्हा व्यास ०·२५ मिमी.ने, म्हणजे प्रत्येक बाजूने सुमारे १२५ मायक्रॉनने कमी होतो. इंडक्शनने कठीण केलेला क्रँक असे ग्राइंडिंग दोन-तीनदा सोसतो. क्षारकुंडातील क्रँकचा कठीण थर मात्र पहिल्याच फेरीत पूर्णपणे निघून जातो. असा क्रँक पुन्हा नायट्राइड न करता बसवला, तर मूळ उत्पादकाने दिलेली शिणवट-क्षमता त्यात उरत नाही आणि जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाईत तडा जाण्याचा धोका वाढतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी ज्यावर पैसे खर्च करणे सर्वाधिक न्याय्य ठरते, असे हे संस्करण आहे. येथे नवे काही मिळवायचे नसते, गेलेले परत आणायचे असते.

शॉट पीनिंगमध्ये बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर दाबाचा ताण साठवतात. तडा उघडण्यासाठी ओढीचा ताण लागतो; दाबाच्या थरात तो उघडत नाही. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यांनी या प्रक्रियेला मोजमापाची शिस्त लावली. माऱ्याची तीव्रता आजही त्यांच्या नावाच्या पातळ पोलादी पट्टीच्या वाकण्यावरून ठरवतात. झडपांच्या स्प्रिंगा आणि कनेक्टिंग रॉड यांना हे संस्करण विशेष लाभते. त्याने झीज कमी होत नाही आणि ताकदीचे आकडेही वाढत नाहीत. शिणवटीने तुटण्याची वेळ लांबते. पीनिंगनंतर तोच भाग घासला किंवा फार तापवला, तर केलेले काम वाया जाते.

रासायनिक रूपांतराची संस्करणे : कॅमशाफ्ट, टॅपेट आणि काही रिंगांवर दिसणारा काळसर, खरखरीत थर मँगॅनीज फॉस्फेटचा असतो. तो स्वतः कठीण नसतो; त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहते. नवे भाग एकमेकांत रुळेपर्यंतच्या काळात हे तेल त्यांना वाचवते. तोवर थर बराचसा झिजलेला असतो आणि तसे होणेच अपेक्षित आहे. पिस्टनमधील वरच्या रिंगेची खाच अॅनोडाइझ करतात (तिच्यावर ऑक्साइडचा कठीण थर तयार करतात), ती तापलेल्या अॅल्युमिनियमचे कण रिंगेला चिकटू नयेत म्हणून. दोन्ही कामे स्वस्त आहेत. नव्या कॅमशाफ्टसाठी फॉस्फेटचा थर आवश्यकच मानावा.

बाहेरून चढवलेले थर : येथे थर आणि गाभा दोन वेगळ्या पदार्थांचे असतात. त्यामुळे थराच्या गुणापेक्षा त्याची पकड महत्त्वाची ठरते.

कठीण क्रोमियम रिंगांवर आणि काही बोअरांवर चढवतात. क्रोमच्या बोअरात क्रोमच्या रिंगा बसवायच्या नसतात. सारखे पृष्ठभाग एकमेकांना ओरखडतात. झिजलेल्या जर्नलवर क्रोम चढवून ते पुन्हा मूळ मापाला आणण्याची प्रथाही आहे. मात्र विलेपनाच्या वेळी पोलादात शिरणारा हायड्रोजन ते ठिसूळ करतो. भाग भट्टीत तापवून हा हायड्रोजन काढला नाही, तर दुरुस्तीच बिघाडाला कारण होते.

निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण धरून अॅल्युमिनियमच्या बोअरवर चढवलेला थर ‘निकासिल’ या नावाने ओळखला जातो. जर्मनीच्या माले कंपनीने तो १९६० च्या दशकात व्हँकेल या फिरत्या इंजिनासाठी विकसित केला आणि पुढे पोर्शेच्या शर्यतीच्या गाड्यांत तो नावाजला. त्यामुळे ओतीव लोखंडाची स्लीव्ह नको होते, वजन घटते, उष्णता झपाट्याने बाहेर जाते आणि पिस्टन-बोअरमधील फट कमी ठेवता येते. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएमच्या ३९० ड्यूक मोटारसायकलीच्या सिलिंडरातही असाच थर असतो. अशा सिलिंडराला रीबोअर मारता येत नाही. थर खरवडला गेला की सिलिंडर बदलावा लागतो किंवा पुन्हा विलेपन करून घ्यावे लागते. या थराला परिस्थितीही मानवावी लागते. १९९० च्या दशकात अमेरिका व ब्रिटनमधील गंधकयुक्त पेट्रोलमुळे बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांतील निकेलचा थर खराब झाला आणि कंपनीला दुसऱ्या प्रकारच्या बोअरांकडे वळावे लागले. प्लाझ्माने फवारलेला लोखंडाचा पातळ थर हा आणखी एक पर्याय असून २००७ साली आलेल्या निसान जीटी-आरच्या बोअरांत तो वापरला आहे.

हिऱ्यासारख्या कार्बनचा थर (डीएलसी) साधारण १ ते ४ मायक्रॉन जाडीचा, अतिशय कठीण व गुळगुळीत असतो. निर्वात कोठीत चढवावा लागत असल्याने तो महाग पडतो. पिस्टन पिन, टॅपेट व कॅमच्या संपर्कातील भाग यांवर तो उपयोगी ठरतो. कारण तेथे दाब प्रचंड असतो आणि तेलाची फिल्म वारंवार तुटते. खालचा पृष्ठभाग आरशासारखा नसेल, तर थर टरफलासारखा सुटतो. सुटलेले कठीण कण तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जातात, म्हणजे फायद्याऐवजी नुकसान पदरी येते.

पिस्टनच्या बाजूवरचा करडा थर ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेल्या रेझिनचा असतो. गार इंजिन सुरू होताना तेल पोहोचेपर्यंतचे काही क्षण तो सांभाळतो. आजच्या बहुतेक पिस्टनांवर तो मुळातच असतो. त्यासाठी वेगळे पैसे मागितले जात असतील, तर आधी पिस्टनाचा डबा उघडून पाहावा.

उष्णतारोधक सिरॅमिक थरांचा इतिहास बोधप्रद आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कमिन्स कंपनी व अमेरिकी लष्कर यांनी मिळून ‘उष्णता बाहेर न जाऊ देणाऱ्या’ डिझेल इंजिनावर काम केले. ज्वलनकक्षाला झिर्कोनियासारख्या सिरॅमिकचे अस्तर दिले, तर थंडाव्यात जाणारी उष्णता वाचून तिचे काम होईल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात भिंती सतत तापलेल्या राहिल्याने आत येणारी हवा फुगून विरळ होई आणि वाचलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे निघून जाई. इंधनबचत अपेक्षेइतकी झाली नाही. टोयोटाने २०१५ साली आपल्या २·८ लिटर डिझेल इंजिनात याच अडचणीवर वेगळी तोड काढली. पिस्टनच्या माथ्यावर सच्छिद्र अॅनोडाइझचा, सिलिकाने बळकट केलेला असा थर दिला, जो ज्वलनाबरोबर तापतो आणि हवा येताना तितक्याच चटकन निवतो. इतर सुधारणांच्या जोडीने या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४४ टक्क्यांपर्यंत गेली. हेच इंजिन भारतात फॉर्च्युनरमध्ये आले. मात्र हे यश संपूर्ण ज्वलनकक्ष त्या थराभोवती आखल्याचे आहे. जुन्या पिस्टनवर सिरॅमिक फवारून ते मिळत नाही. माथा वितळण्यापासून वाचतो एवढेच, आणि त्याचे मोल शर्यतीच्या किंवा जबर टर्बो दाबाच्या इंजिनापुरतेच आहे.

खर्च व लाभ : घर्षण कमी म्हणजे इंधनाची बचत, हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा आकड्यांवर तपासता येतो. होल्मबर्ग, अँडरसन व एर्डेमिर यांच्या २०१२ च्या प्रसिद्ध अभ्यासानुसार मोटारीतील इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण ३८ टक्के यांत्रिक कामाला येते. इंजिनातील घर्षणात सुमारे ११·५ टक्के जाते आणि त्यातला जवळपास ४५ टक्के वाटा पिस्टन-रिंगांचा असतो. म्हणजे यांत्रिक कामाच्या सुमारे १४ टक्के पिस्टन-रिंगांच्या घर्षणापायी जाते. संस्करणाने हे घर्षण १० टक्क्यांनी घटले असे मोठ्या मनाने धरले, तरी इंधन वाचते ते दीड टक्क्यापेक्षा कमी. वर्षाला १२,००० किमी. चालणारी आणि लिटरला १५ किमी. देणारी मोटार ८०० लिटर पेट्रोल खाते. बचत होते सुमारे ११ लिटरची. लिटरला १०० रुपये धरल्यास ११०० रुपयांची. एवढ्यासाठी इंजिन उतरवणे परवडत नाही. याउलट वर्षाला एक लाख किमी. धावणारा, लिटरला ४ किमी. देणारा ट्रक २५,००० लिटर डिझेल जाळतो. तेथील घर्षणाचे प्रमाण काहीसे वेगळे असले, तरी एक टक्का म्हणजेही २५० लिटर होतात. म्हणून असे थर कारखान्यातच, हजारो इंजिनांवर खर्च विभागून देणे उत्पादकाला परवडते आणि एकट्या मोटारमालकाला परवडत नाही.

टिकाऊपणाचा हिशेब निराळा आहे. ज्या इंजिनात एखादा भाग वारंवार त्याच पद्धतीने निकामी होतो, तेथे त्या कारणावर नेमके बसणारे संस्करण कामी येते. उदा., शर्यतीच्या इंजिनातील कनेक्टिंग रॉडला पीनिंग, ग्राइंड केलेल्या क्रँकला पुन्हा नायट्रायडिंग, चिकटणाऱ्या पिस्टन पिनला डीएलसी. कारण ठाऊक नसताना केलेले संस्करण म्हणजे रोग न ओळखता घेतलेले औषध होय. शेतात पाणी उपसणाऱ्या मंदगती डिझेल इंजिनाचा ओतीव लोखंडी लायनर झिजला, तर तो बदलणे कोणत्याही थरापेक्षा स्वस्त व खात्रीचे पडते.

डब्यातून मिळणारी ‘संस्करणे’ : तेलात ओतल्यावर आतील धातूवर कायमचा थर बसवण्याचा दावा करणारी मिश्रणे या नोंदीच्या अर्थाने पृष्ठसंस्करण नव्हेत. तेलाचे तापमान आणि धातूवरील मळ पाहता टेफ्लॉनसारखा पदार्थ तेथे पक्का बसत नाही. १९९७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्लिक ५०’ या टेफ्लॉनयुक्त मिश्रणाच्या विक्रेत्यांना पुराव्याविना असे दावे करण्यास मनाई केली.

तेलातून होणारे खरे संस्करण मात्र आहे आणि ते जवळजवळ फुकट मिळते. इंजिन-तेलात १९४० च्या दशकापासून झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे पूरक द्रव्य मिसळले जाते. घासल्या जाणाऱ्या जागी उष्णता व दाबाने त्याचे विघटन होऊन जस्त-फॉस्फेटची काचेसारखी फिल्म तयार होते. तिची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ती झिजते आणि पुन्हा बनते. हे द्रव्य संपत आलेले तेल तसेच चालवत राहिले, तर महागातला थरही एकटा पुरत नाही.

करून घेण्यापूर्वी : तीन गोष्टी विचाराव्यात. हा थर कोणत्या बिघाडासाठी आहे? समोर घासणारा भाग कोणत्या धातूचा आहे, आणि दोघांची जोडी जमते का? थर चढल्यानंतर माप तपासून कोण देणार? प्रत्येक बाजूला २० मायक्रॉनचा थर चढला, की व्यास ४० मायक्रॉनने वाढतो आणि बेअरिंगमधील तेलाची सारी फटच एवढ्या आसपासची असते. उत्तरे मिळाली नाहीत, तर तोच पैसा बोअरच्या नीट होनिंगवर, मापात बसणाऱ्या रिंगांवर आणि वेळेवर बदललेल्या तेल-फिल्टरवर खर्च केलेला अधिक फळतो.