भायखळ्याचें स्मारक आणि गोदीचा तो शुक्रवार

मुंबईंत युद्धस्मारकें थोडीं नाहींत. बहुतेक स्मारकें दूर देशीं शत्रूशीं लढतां लढतां पडलेल्या वीरांचीं आहेत. भायखळ्यास अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत जें स्मारक उभें आहे, तें ज्यांचें आहे त्यांनीं मात्र शत्रूचें तोंडहि पाहिलें नाहीं. हातीं पाण्याचा नळ धरून ते गेले. तथापि ते महायुद्धाचेच बळी होत असें आम्ही मानतों, आणि म्हणूनच आमच्या महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत त्यांची हकीकत देत आहों.

१९४४ सालीं पुनरुत्थानाचा सण ९ एप्रिल रोजीं झाला. त्याच सप्ताहांतील शुक्रवार, ता. १४. 'फोर्ट स्टायकिन' नांवाचें जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गें दोन दिवसांपूर्वीं व्हिक्टोरिया गोदींत लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक माल होता. सोन्याच्या लगडी होत्या. आणि कराचीस त्यावर कापसाचे हजारों गठ्ठे चढविले होते. बारूद आणि कापूस एकाच जहाजांत! शांततेच्या काळीं असा माल भरण्याची कोणाची छाती झाली नसती. पण युद्धाच्या घाईनें सर्व शहाणपण गुंडाळून ठेविलें होतें.

दुपारीं कापसांतून धूर दिसूं लागला. बंबवाले आले, पाण्याचा मारा सुरू झाला. आंत काय आहे हें अधिकाऱ्यांस ठाऊक होतें. परंतु जहाज तेथेंच बुडवावें कीं बाहेर न्यावें ह्याचा निर्णय वेळेवर झाला नाहीं, आणि यंत्र दुरुस्तीसाठीं उघडलेलें असल्यानें जहाज आपल्या बळावर हलूं शकत नव्हतें. दोन तास बंबवाले तप्त पत्र्यावर पाणी ओतीत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें तो धक्का टिपला. 'जलपद्म' हें हजारों टनांचें जहाज उचललें जाऊन धक्क्यावरील वखारीवर आदळलें. सोन्याची एक लगड तर मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरांत जाऊन पडली. हीच गोष्ट लोक अद्यापि चवीनें सांगतात. बंबवाल्यांची कोणी सांगत नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं गेले.

दुसऱ्या दिवशीं शत्रूच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें ही वार्ता जगास सांगितली. आपल्या येथें मात्र सरकारी नियंत्रणामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वार्ताहरांस सविस्तर वृत्त बाहेर पाठवितां आलें नाहीं. ज्या शहराच्या खिडक्या फुटल्या, घरें जळालीं, त्याचा शोक असा दबल्या आवाजांतच झाला. भायखळ्याच्या त्या स्मारकाचें मोल आम्हांस येथें दिसतें. शिल्पकलेच्या दृष्टीनें तें कसें आहे हा प्रश्न आम्ही करीत नाहीं. जें बोलूं दिलें नाहीं, तें तेथें उघड्यावर उभें आहे.

परंतु आणखी एक गोष्ट. ६६ हा आंकडा निश्चित आहे, कारण दलाच्या हजेरीपटावर त्या प्रत्येकाचें नांव होतें. एकंदर मृत किती? कोणी ८०० म्हणतात, कोणी १,३०० च्या वर जातात. गोदींतील हमाल टोळीवाल्याच्या हाताखालीं रोजंदारीवर राबत. सकाळीं बोलाविलें तर काम, नाहीं तर नाहीं. अशा माणसांची मोजदाद कोण ठेवणार? आमच्या चर्चच्या दप्तरांत गरिबांतील गरिबाच्याहि दफनाची नोंद असते. त्या सवयीमुळें असेल, पण हा अनिश्चित आंकडा आम्हांस फार बोंचतो. गोदी कामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा १९४८ सालीं झाला, त्यांच्यासाठीं मुंबईंत मंडळ त्यानंतर स्थापन झालें, आणि मग कोठें त्यांचीं नांवें रीतसर पटावर येऊं लागलीं.

१४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, व त्या दिवशीं मृत जवानांस मानवंदना होते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं भायखळ्यास जाऊन यावें. आणि धर्मगुरूंस आमची विनंती आहे कीं, त्या तारखेच्या मिस्सांत ह्या ६६ जणांबरोबर त्या नांव नसलेल्या हमालांसाठींहि, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, एक प्रार्थना म्हटली जावी.