तापली की बंद पडणारी फियाट

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचंच रूप असलेली पद्मिनी बाहेर पडली. मराठवाड्यात घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावासारख्या गावापासून कुर्ला लांब. गावात गाडी पोचली तरी कंपनीचं वर्कशॉप काही तिच्यामागे येत नसे. म्हणून जुन्या मिस्त्रींनी अंदाजपंचे दाहोदरसे गाड्या चालत्या ठेवल्या, असं सर्रास म्हटलं जातं. ते पटत नाही. कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर चालणारं ते १०८९ सीसीचं इंजिनच असं होतं, की दोष हाताने शोधता यावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यातलं नेहमीचं दुखणं घ्या : गाडी तापली की बंद, निवली की चालू. नळीतच पेट्रोलची वाफ झाली, म्हणून इंजिनाच्या पेट्रोल-पंपावर ओलं फडकं टाकायचं, हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. पण ठिणगीसाठी लागणारी कॉइल किंवा कंडेन्सर तापला, तर तोही हुबेहूब हेच सोंग आणतो. तेव्हा जाणता मिस्त्री गाडी गरम असतानाच प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूजवळ धरी आणि स्टार्टर मारायला लावी. ठिणगी निळी, ठसठशीत पडली तर खोट पेट्रोलकडे. पिवळी, मरतुकडी पडली तर करंटकडे. याला अंदाज कसं म्हणायचं? मीटर अधिक अचूक, हा आक्षेप खरा आहे. कॉम्प्रेशन मोजायला तर गेजच हवा. पण गाडी निवल्यावर लावलेला मीटर त्याच कॉइलला निर्दोष ठरवू शकतो. मग नवा, महागडा कार्ब्युरेटर बसवूनही जुनी गाडी भर उन्हात पुन्हा अडते.