पुरुषांमधील स्तनवाढ : डॉक्टर काय तपासतात?

मुलगा एकाएकी पोहायला जायचे टाळू लागतो, किंवा आजोबा छातीतली गाठ महिनोन्‌महिने लपवून ठेवतात. या विषयावर आपल्या घरांत सहसा कोणी बोलत नाही, म्हणून ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

ग्रंथी की चरबी?
पुरुषाच्या स्तनातील ग्रंथी वाढण्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण बिघडले की असे होते. रुग्णाला उताणे झोपवून डॉक्टर अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे आणतात. खाली रबरासारखी चकती लागली तर ती ग्रंथी. काहीच अडले नाही तर नुसती चरबी.

वयानुसार
नवजात बाळात ही सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते आणि काही आठवड्यांत जाते. बाळाला न्हाऊ घालताना स्तन पिळण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मात्र टाळावी, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. वयात येणाऱ्या मुलांत स्तनवाढ अगदी सर्रास आढळते आणि बहुधा ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरते. पन्नाशीनंतर ती पुन्हा वाढीला लागते.

डॉक्टरांना काय सांगावे?
घेत असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. स्पायरोनोलॅक्टोन, फिनॅस्टेराइड, बायकॅल्युटामाइड, सिमेटिडीन, रिस्पेरिडोन यांमुळे स्तनवाढ होऊ शकते. व्यायामशाळेतल्या पावडरी, भारतातून आणलेली चूर्णे आणि मद्यपान हेही न लाजता सांगावे. काही पावडरींत लेबलावर न छापलेली स्टेरॉइड्स सापडली आहेत. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध परस्पर बंद करू नये.

तपासण्या
वृषणांची तपासणी व्हायलाच हवी, कारण तेथील गाठ हे एक कारण असू शकते. वृषणे लहान असल्यास क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा विचार होतो. गरजेप्रमाणे रक्तातील टेस्टोस्टेरॉन (सकाळी), इस्ट्राडिओल, एलएच, एचसीजी, तसेच यकृत, मूत्रपिंड व थायरॉइड तपासतात. वयात येणारा मुलगा इतर बाबतींत निरोगी असेल तर बहुधा यांची गरज पडत नाही. काही महिन्यांनी पुन्हा दाखवले की पुरते.

उशीर करू नये अशी लक्षणे
गाठ कठीण, एकाच बाजूला आणि स्तनाग्रापासून बाजूला असणे, त्वचा आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, काखेत गाठ येणे. अशा वेळी मॅमोग्राम, सोनोग्राफी व गरज पडल्यास बायॉप्सी करतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे १ टक्का पुरुषांना होतो, आणि पुरुषांना तशी शंकाच येत नसल्याने तो बरेचदा उशिरा कळतो. घरातल्या स्त्रियांना किंवा पुरुषांना हा आजार झाला असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

उपचार
कारण सापडल्यास आधी ते दूर करतात. साधारण वर्ष उलटले की ग्रंथी तंतुमय होते, मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तेव्हा पालकांनो, मुलाला चिडवू नका, कोणाला चिडवूही देऊ नका. फॅमिली डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तो म्हणाला तर तपासणीच्या वेळी आपण बाहेर थांबा.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)