डोंगरी बुजुर्गचा काळा दगड

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाचे गाव आहे. ‘डोंगरी’ मराठी, ‘बुजुर्ग’ फारसी. पुणे-साताऱ्याकडे हाच बुजुर्ग ‘बुद्रुक’ झाला, त्याच्यासमोर ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते. पण या गावाला खरे बुजुर्गपण आहे ते जमिनीखाली. तिथे मँगनीजची मोठी उघडी खाण आहे, आणि तिथला दगड माणसाच्या कोणत्याही भाषेपेक्षा अब्जावधी नाही तरी कोट्यवधी वर्षांनी नक्कीच जुना आहे.

हा दगड आला कुठून? पृथ्वीच्या आरंभीच्या समुद्रात मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळून राहत. सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर ऑक्सिजन तयार करायला सुरुवात केल्यावर लोहाला गंज चढू लागला (उर्दूत आपण जंग म्हणतो) आणि तो तळाशी बसला. त्याचे गारेसोबत थरावर थर साचले, तेच पट्टेदार लोहखडक. मँगनीज मात्र हट्टी. त्याला तळाशी बसवायला लोहापेक्षा अधिक जोरदार ऑक्सिडीकरण लागते. म्हणून लोह आधी सुटते, मँगनीज पाण्यात मागे राहते आणि नंतर, अनुकूल जागी बसते. दक्षिण आफ्रिकेतील कलाहारीत, हॉटाझेल येथे, सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वीच्या लोहखडकांच्या मध्येच मँगनीजचे तीन थर आहेत. हवेत ऑक्सिजन वाढला त्याच सुमाराची ही नोंद आहे. एखाद्या बखरीपेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते, कारण तिला कोणा दरबाराला खूश करायचे नव्हते.

आपल्याकडचे थर पुढच्या काळातले. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट-छिंदवाडा या पट्ट्यात समुद्रतळाशी वाळू आणि चिखलासोबत मँगनीज साचले. मग हे सारे खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले. जिथे मँगनीज निव्वळ होते तिथे धातूचा काळा थर राहिला. जिथे माती-वाळू मिसळलेली होती तिथे त्यांच्या संयोगातून मँगनीजयुक्त गार्नेट आणि गार यांचा खडक बनला.

या खडकाला नाव दिले लुईस ले फर्मर यांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील या अधिकाऱ्याचा भारतातील मँगनीजवरचा प्रचंड ग्रंथ 1909 साली निघाला. त्याआधी दहा-एक वर्षांत या भागात खाणी सुरू झाल्या होत्या. पोलाद बनवताना त्यातला ऑक्सिजन आणि गंधक काढायला मँगनीज लागते, आणि 1905 च्या उठावात रशियाच्या कॉकेशसमधला माल अडकल्यावर भाव चढले. कामठी-रामटेक परिसरातील दगड मुंबई बंदरातून विलायतेच्या भट्ट्यांत जाऊ लागला. पोलाद तिकडे झाले, खड्डे इकडे राहिले.

फर्मर यांनी नव्या खनिजांना नावे देताना आपल्या खात्यातील साहेबांचा मान राखला. हॉलंड यांच्या नावाने हॉलंडाइट, व्रेडेनबर्ग यांच्या नावाने व्रेडेनबर्गाइट. छिंदवाड्याच्या सीतापारवरून सीतापाराइट. आणि गार्नेटच्या त्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’. सन्मान म्हणावा, तर त्यात एकाही गोंड माणसाचे नाव नाही. साहेब व्यक्ती म्हणून दगडात गेले, गोंड मात्र जमात म्हणून. इतिहासाच्या पुस्तकांतही आपण मुसलमान बहुतेकदा असेच, एकगठ्ठा येतो, म्हणून कदाचित हे मला चटकन खटकले.

पुढे सीतापाराइट हे आधीच माहीत असलेले बिक्सबाइट निघाले आणि ते नाव गेले. व्रेडेनबर्गाइट दोन खनिजांचे मिश्रण ठरले. हॉलंडाइट टिकले. गोंडाइटही टिकले, आणि आज घाना, ब्राझीलमधल्या तशाच खडकांनाही भूवैज्ञानिक याच नावाने ओळखतात.