प्रश्नाचे शब्द आणि कौंटीचा कारभार

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या एल पासो कौंटीने नोव्हेंबर २००४ च्या निवडणुकीत आपल्या पाच सदस्यांच्या कमिशनर-मंडळावर डग्लस ब्रूस यांना निवडून दिले. 'कौंटी' म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. परंतु तेथील 'कमिशनर' हा आपल्या आयुक्तासारखा नेमलेला अधिकारी नसून लोकांनी निवडलेला प्रतिनिधी असतो. कौंटीचे रस्ते, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य आणि या सर्वांचा अर्थसंकल्प हे मंडळच ठरविते. ब्रूस यांची निवड लक्षणीय ठरण्याचे कारण असे की, कौंटीने किती पैसा गोळा करावा आणि त्यातील किती आपल्याजवळ ठेवावा, यावर मर्यादा घालणारे राज्यघटनेतील कलम बारा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेले होते. ज्याने कारभाराला वेसण घातली, तोच आता कारभारी झाला. या प्रसंगाचा अर्थ समजावयाचा, तर कौंटीच्या दप्तरापेक्षा त्या कलमाच्या शब्दरचनेकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

ब्रूस यांचा जन्म १९४९ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाला व पुढे त्यांनी तेथेच सरकारी वकील म्हणून काही काळ काम केले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जून १९७८ मध्ये 'प्रस्ताव १३' मंजूर करून मालमत्ताकराला घटनात्मक मर्यादा घातली होती. सुमारे ६५ टक्के मतांनी मिळालेल्या त्या विजयामुळे एक गोष्ट सर्व देशाला कळून चुकली : विधिमंडळाला वळसा घालून, नागरिकांच्या सह्यांच्या बळावर प्रस्ताव थेट मतदानास ठेवता आला, तर करव्यवस्था एका दिवसात पालटू शकते. १९८६ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज या एल पासो कौंटीच्या मुख्य शहरी स्थायिक झालेल्या ब्रूस यांनी हेच साधन उचलले. राज्यपातळीवरील त्यांचे १९८८ व १९९० चे प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. १९९१ मध्ये त्यांच्या शहराने तशाच आशयाची तरतूद स्वीकारली. आणि ३ नोव्हेंबर १९९२ रोजी, गव्हर्नर रॉय रोमर यांचा कडवा विरोध असतानाही, सुमारे ५४ टक्के मतांनी 'करदात्यांची हक्कसनद' कोलोरॅडोच्या राज्यघटनेत दाखल झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'टेबॉर' या नावाने ओळखली जाते.

या सनदेचा आशय थोडक्यात असा. राज्य, कौंटी, नगर, शाळा-मंडळ यांपैकी कोणत्याही संस्थेला मतदारांच्या संमतीवाचून नवा कर बसविता येत नाही की कराचा दर वाढविता येत नाही. उत्पन्न व खर्च यांची वार्षिक वाढ राज्यासाठी महागाई व लोकसंख्यावाढ यांच्या बेरजेत, तर कौंटीसारख्या संस्थांसाठी महागाई व नव्या बांधकामादींमुळे झालेली स्थानिक वाढ यांच्या बेरजेत बसली पाहिजे. मर्यादेपलीकडे आलेली रक्कम लोकांना परत करावी. ती ठेवून घ्यावयाची असल्यास पुन्हा मतदारांनाच विचारावे.

तथापि या सनदेचे खरे वैशिष्ट्य आकड्यांत नसून भाषेत आहे. मतपत्रिकेवरील प्रश्न कोणत्या शब्दांनी सुरू व्हावा हेदेखील तिने ठरवून टाकले. करवाढीचा प्रश्न 'अमुक संस्थेचे कर वर्षाला इतक्या डॉलरांनी वाढवावेत काय' याच शब्दांनी, तोही मोठ्या अक्षरांत, सुरू झाला पाहिजे असा घटनेचा आदेश आहे. इंग्रजी वाक्यक्रमात यामुळे 'कर', 'वाढ' आणि 'रक्कम' हे तीन शब्द आरंभीच येतात. शाळा, रस्ता, रुग्णालय हे प्रयोजन मागाहून येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने भाषांतरात हा परिणाम बराचसा हरपतो. मूळात मात्र मतदाराची दृष्टी प्रथम किमतीवर पडते आणि मग वस्तूवर. याशिवाय, कलमाचा अर्थ लावताना शासनाच्या वाढीला अधिक आवर घालणारा अर्थ पसंत करावा, असा निर्देशही कलमातच आहे. कायद्याने स्वतःच्या भाष्यकारालाही आगाऊ सूचना देऊन ठेवावी, असा हा प्रकार होय.

मात्र शब्दांनी बांधलेली व्यवस्था शब्दांनीच सैल होऊ लागते. सनदेने 'उपक्रम', म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढू शकणाऱ्या आणि राज्य व स्थानिक संस्थांच्या अनुदानावर फारशा अवलंबून नसलेल्या शासकीय व्यवसायसंस्था, आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. साहजिकच जे 'कर' म्हणून घेता येत नव्हते ते 'शुल्क' म्हणून घेण्याकडे कल वाढला. मराठीत 'पाणीपट्टी' व 'घरपट्टी' या दोहोंना एकच 'पट्टी' पुरते. त्यांतील एक सेवेचा मोबदला आणि दुसरा कर, हा भेद शब्दाच्या पोटात दडून राहतो. कोलोरॅडोत मात्र त्या भेदावर न्यायालयांत वाद झडले. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या नगरमंडळाने २००५ मध्ये पर्जन्यजलाच्या निचऱ्यासाठी असा एक उपक्रम स्थापन केला आणि जमिनीवरील पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात शुल्क आकारण्याचे ठरविले. ब्रूस यांनी त्याला 'पावसाचा कर' असे नाव दिले. शुल्काला कर म्हणणे हाच येथे राजकीय युक्तिवाद होता.

कौंटीच्या मंडळावर जानेवारी २००५ पासून सुमारे तीन वर्षे ब्रूस यांनी काम केले. राज्यघटनेचे कलम लिहिणाऱ्याच्या हाती आता पाचांपैकी एक मत होते. मतपत्रिकेवर प्रश्न मांडणारा मनुष्य दोनच उत्तरांची अपेक्षा करतो : होय अथवा नाही. अर्थसंकल्पाच्या बैठकीत असे दुहेरी प्रश्न क्वचितच येतात. तेथे वाटाघाट, तडजोड आणि प्राधान्यक्रम यांचे राज्य असते. प्रस्तावाच्या भाषेत प्रभावी ठरलेली वृत्ती मंडळाच्या भाषेत एकाकी पडणे स्वाभाविक होते.

त्यांच्या पदग्रहणाच्या पहिल्याच वर्षी राज्यपातळीवर मोठी कसोटी झाली. २००१ नंतरच्या मंदीत राज्याचे उत्पन्न घसरले होते आणि पुढील वर्षाची मर्यादा त्या घसरलेल्या पातळीवरूनच मोजली जात असल्याने, तेजी आली तरी खर्चाची पातळी पूर्ववत होऊ शकत नव्हती. नोव्हेंबर २००५ मध्ये 'सार्वमत सी' या प्रस्तावाने ही मर्यादा पाच वर्षांसाठी शिथिल केली. पूर्वी सनदेचे समर्थक असलेले रिपब्लिकन गव्हर्नर बिल ओवेन्स या वेळी शिथिलीकरणाच्या बाजूने उभे होते. ब्रूस विरोधात होते. प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी संमत झाला.

याच सुमारास रूढ असलेला एक शब्द भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावा. एखाद्या कौंटीने वा शाळा-मंडळाने मतदारांच्या संमतीने आपल्यापुरती उत्पन्नमर्यादा उठविली, की त्या क्रियेला कोलोरॅडोत 'डी-ब्रूसिंग' म्हणतात. निषेधार्थक उपसर्ग, व्यक्तिनाम आणि क्रियादर्शक प्रत्यय यांची ही घडण आहे. आयर्लंडच्या मेयो कौंटीत १८८० साली जमीनदाराचे कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉट यांच्याविरुद्ध जे केले गेले, त्यालाच त्यांचे नाव मिळाले; ब्रूस यांच्या बाबतीतही नाव त्यांचे आणि कृती त्यांच्या विरोधातील, असे झाले. येथे एक फरक आहे. बॉयकॉट यांच्यावरील बहिष्कार त्यांच्या इच्छेविरुद्ध होता. 'डी-ब्रूसिंग' मात्र ब्रूस यांनी घालून दिलेल्या मार्गानेच, म्हणजे मतदारांना विचारूनच, घडते. सनद शिथिल करावयाची तरी तिचा प्रश्न विचारावाच लागतो.

ब्रूस यांचा पुढील सार्वजनिक प्रवास कष्टप्रद ठरला. २००८ च्या आरंभी ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात दाखल झाले. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला लाथ मारल्याबद्दल त्याच महिन्यात सभागृहाने त्यांच्यावर निंदाठराव संमत केला आणि ऑगस्टमधील पक्षांतर्गत निवडणुकीत ते पराभूत झाले. २०११ मध्ये डेन्व्हर येथील न्यायालयात राज्याचा कर चुकविल्याच्या आरोपांवरून ते दोषी ठरले. परंतु व्यक्तीच्या या उतरणीबरोबर तिचे कलम उतरणीस लागले नाही, आणि हेच इतिहासकाराने टिपून ठेवण्याजोगे आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारांनी मालमत्ताकराची वाढ फेटाळली आणि ब्रूस यांचा 'पावसाच्या करा'विरुद्धचा प्रस्ताव मंजूर केला. २०१० मध्ये शहराने सुमारे एक तृतीयांश पथदीप बंद केले, उद्यानांतील हिरवळीचे पाणी तोडले. मर्यादेचा अर्थ प्रथमच अंधाराच्या रूपाने रस्त्यावर दिसला. त्याच वर्षी करांवर व सार्वजनिक कर्जांवर आणखी कठोर बंधने घालू पाहणारे तीन प्रस्ताव राज्यभरच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने नाकारले. निचऱ्याच्या दुर्लक्षाबद्दल २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण-यंत्रणेने शहराविरुद्ध दावा दाखल केला. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांनी निचऱ्याचे शुल्क स्वतःच पुन्हा मंजूर केले. त्याच मतदानात एल पासो कौंटीच्या नागरिकांनी परतीस पात्र असलेले सुमारे १ कोटी ४५ लक्ष डॉलर रस्ते आदी कामांसाठी कौंटीपाशी राहू दिले.

यावरून सनद निष्प्रभ झाली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. राज्याची उत्पन्नमर्यादा कायमची उठवू पाहणारा 'प्रस्ताव सीसी' मतदारांनी २०१९ मध्ये फेटाळला. ज्या लोकांनी स्थानिक गरजेपुरती वारंवार संमती दिली, त्यांनीच संमती विचारली जाण्याचा अधिकार सोडून देण्यास नकार दिला. निचऱ्याचे जे शुल्क 'पावसाचा कर' म्हणून २००९ मध्ये नाकारले गेले, तेच २०१७ मध्ये त्यांच्या संमतीने परत आले. मधल्या आठ वर्षांत शहरातील पाऊस वा पाण्याचा ओघ बदलला नव्हता. बदलले होते ते इतकेच की, दुसऱ्या वेळी लोकांना आधी विचारण्यात आले होते.

ब्रूस यांच्या कौंटीतील कारकिर्दीचे मूल्यमापन या भूमिकेवरून केले पाहिजे. तेथे त्यांच्या हाती आलेली सत्ता अल्प आणि अल्पकालीन होती; मतपत्रिकेवर त्यांनी ठेवलेले वाक्य मात्र त्यांच्यावाचूनही प्रत्येक निवडणुकीत छापले जाते. त्या वाक्याला लोकांनी कधी होकार दिला, कधी नकार. ते वाक्य पुसावे असे मात्र त्यांनी म्हटले नाही.